जंगलाच्या ओळखीची गाडी

१६ ऑक्टोबर १९८६, चंद्रपूर

दीक्षाभूमीवर आज पाय ठेवायला जागा नव्हती. वंदना आटोपली आणि बायको रंभाला तिच्या वडिलांसोबत पुस्तकांच्या दुकानांपाशी सोडून मी हळूच शोरूम गाठलं. परतलो तेव्हा बायकोचं तोंड फुगलेलं. आजच्या दिवशी तरी गाडीचं भूत उतरवा म्हणाली. तिचं बरोबर आहे, पण माझंही काही चुकलं नाही. ऑफिसने गाडीसाठी अग्रिम मंजूर केलाय आणि डिसेंबर संपायच्या आत कागद दाखवले नाहीत तर तो परत जाणार.

शोरूममधली गाडी लाल आहे. शंभर सीसी, जपानी इंजिन. एका हाताने स्टँडवर चढते. सेल्समनने किक मारली तर शिलाई मशीन चालल्यासारखा आवाज. "भाऊ, रॉकेट हाये रॉकेट," तो म्हणाला. असेल. पण मला रॉकेट नको, सोबत पाहिजे. हे त्याला सांगितलं नाही. इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही.

मी भित्रा माणूस आहे. कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून (गावांत मला डॉक्टरच म्हणतात) एटापल्लीला तीन वर्षं काढली, सायकलने जंगलातली गावं फिरलो आणि एकही फेरी न भिता केली नाही. नऊ ऑगस्टनंतर तर विचारायलाच नको. वेडमगट्टा गावाच्या वाटेवर भर दुपारी वाघ बसला होता. मी सायकल आडवी धरून तिच्यामागे अर्धा तास उभा राहिलो. डोळे घट्ट मिटून घेतले होते. उघडले तेव्हा वाट रिकामी होती. तेव्हापासून पाचोळा वाजला तरी माझे हात थरथरतात. ऑफिसात कोणाला माहीत नाही.

१९ ऑक्टोबर, एटापल्ली

वामनरावांची बुलेट विकायला आहे. वामनराव म्हणजे बांबूचे जुने कंत्राटदार. पाच-सहा वर्षं ह्या भागातल्या तोडी त्यांच्याकडे होत्या. आता गुडघे गेले, कंत्राट सोडलं, बंगईवर झोके घेत पान खातात. मोठा दिलदार माणूस. मला चहा पाजला, गाडीवरची ताडपत्री स्वतः उठून काढली.

काय गाडी आहे! काळी, टाकीवर सोनेरी रेघ, साडेतीनशेचं इंजिन. ॲम्पिअरचा काटा मधोमध आणून किक मारावी लागते, नाहीतर ती उलट मारते. दोनदा माझ्या घोट्यावर मारली. तिसऱ्यांदा सुरू झाली आणि अंगणातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. तो ठोका छातीत वाजतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या छातीतला दुसरा ठोका ऐकू आला नाही.

"घेऊन जाय, महिना-दोन महिने चालवून पाय," वामनराव म्हणाले. "पसंत पडली त घे. पूर्ण जंगल ओळखते ह्या गाडीले. एक कोस लांबून लोकाईले समजते, कोण येऊन राह्यला त. तुले कोनी अडवनार नाई."

हेच तर पाहिजे होतं मला.

२१ ऑक्टोबर

रंभाचं मत लाल गाडीला. जुन्या गाडीला रोज पान्हा लागतो, वजन दीड क्विंटलाच्या वर, नाल्यात पडली तर उचलणार कोण, असं ती विचारते. मी म्हटलं, जनावर लांबूनच पळेल. ती म्हणाली, "तुमी गाडी घेऊन राह्यले का बंदूक?"

हसलो, पण रात्रभर तेच आठवत राहिलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

बुलेटवरची पहिली फेरी. वेडमगट्टा एकोणीस किलोमीटर. सायकलने तीन तास लागायचे, आज तासाभरात पोचलो. वाटेत मी गात होतो. मी!

पण गावात कोणीच नव्हतं. चौदा घरं, चौदाही रिकामी. शेतावर गेले असतील म्हणावं, धान कापणीला आलंय, पण म्हातारेही नाहीत, पोरंही नाहीत. एका चुलीवर आंबील उतू जात होती. मी खाली उतरवून ठेवली. चूल पेटती टाकून कोण जातं? एका अंगणात अर्धी विणलेली टोपली होती आणि बांबूची कांब अजून ओली होती.

ह्या लोकांनी नक्की काहीतरी पाहिलं असणार. वाघ गावात शिरला असेल. किंवा ते बंदुकवाले आले असतील, ज्यांच्याबद्दल बस स्टँडवर लोक हळू बोलतात. काहीही असो, ते अजून जवळपासच असणार असं वाटलं. कोणीतरी झाडीतून पाहतंय अशी खात्रीच झाली. मी बुलेट सुरू केली आणि जागच्या जागी जोरजोराने रेस दिली. जे काही असेल ते पळून जावं म्हणून. मग जरा धीर आला.

बुधरी भेटली नाही, हे वाईट झालं. बुधरी माझी सर्वांत नियमित पेशंट, बावीस-तेवीसची असेल. डाव्या पायाला संवेदना नाही, उजव्या हाताची दोन बोटं वाकायला लागली होती, ती गोळ्यांनी थांबली आहेत. रोजच्या गोळ्या दीड महिना पुरतील एवढ्या तिच्याजवळ असतात, पण महिन्याची लाल कॅप्सूल माझ्यासमोरच घ्यायची असा नियम आहे. सहा महिने तिने एकही चुकवली नव्हती. लघवी लाल झाली म्हणून सगळं गाव घाबरलं तेव्हा हीच हसत होती. तिच्या आईची दहाही बोटं गेली होती. हिची जाऊ द्यायची नाहीत, एवढं एक काम मी ह्या नोकरीत मनापासून धरलं आहे.

निघताना दिसलं, गावाच्या तोंडाशी मोहाच्या झाडाला एक कोंबडी पाय बांधून ठेवली होती, बाजूला मोहाच्या दारूचा तुंबा. पाहुण्यासाठीच ठेवलेलं दिसत होतं. किती माया ह्या लोकांना! घरी नसले तरी डॉक्टरची सोय करून गेले. तुंबा तिथेच ठेवला, कोंबडी आणली. रंभाने रस्सा केला.

२ नोव्हेंबर

सासरे दादाजी दिवाळीच्या सुटीत आले आहेत. बुलेटभोवती तीन चकरा मारल्या. मग ओट्यावर बसून त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट काढली. मालगुजाराच्या घोड्याच्या टापा ऐकू आल्या की म्हणे ते डोक्यावरचा भारा टाकून रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीत उतरायचे, मान खाली घालून उभे राहायचे. एकदा उतरायला उशीर झाला तर पाठीवर चाबूक बसला होता.

"अना आज पाय," दादाजी म्हणाले, "माह्या जावयाच्या गाडीचा आवाज आला का रस्ता खाली होते!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही भरून आलं. रंभा उठून आत गेली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा वेडमगट्टा, पुन्हा तेच. ह्या वेळी मी मुद्दाम गावाच्या एक किलोमीटर आधीपासून हॉर्न वाजवत गेलो, म्हणजे डॉक्टर आला हे समजून लोक घरी थांबतील. कोणी थांबलं नाही. एका झोपडीत पाळण्याची दोरी अजून हलत होती.

काय आहे त्या गावात? मी नसताना तिथे काय येतं? बुधरीच्या दारात उभं राहून हाका मारल्या. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तिच्या चुलीजवळ रोजच्या गोळ्यांची डबी होती, उघडून पाहिली तर गोळ्या बरोबर संपत आल्या होत्या. म्हणजे ती आहे. गोळ्या घेते. फक्त मी जातो तेव्हा नसते. कॅप्सूलला आता पंधरा दिवस उशीर झाला.

झाडाला पुन्हा कोंबडी. ह्या वेळी दोन अंडीही.

१५ नोव्हेंबर

वामनरावांकडे गेलो. त्यांनी गाडीचं विचारलं, मी खूश आहे म्हणालो. ते हसले. "वेडमगट्ट्याची कोंबडी भेटली का नाई?" मला नवल वाटलं, ह्यांना कसं कळलं? म्हटलं भेटली, दोनदा. "मंग! सवय हाये त्याईले. अन रात्रीचा मुक्काम करत का नाई?" मी म्हटलं, छे, दिवसाउजेडी परत येतो, जंगलाची भीती वाटते. ह्यावर ते इतके हसले की पानाचा ठसका लागला. "तू त साधू हायेस रे बाबू," म्हणाले.

त्या हसण्याचा अर्थ लागला नाही. घरी सांगितलं तर रंभा म्हणाली, ती गाडी परत करा. का, तर म्हणे मन सांगते. बायकांचं मन म्हणजे काय कागदपत्र आहे?

२० नोव्हेंबर

शोरूमचं पत्र आलं. लाल गाडीला आता तीन महिन्यांची रांग आहे, नाव नोंदवायचं असेल तर ह्याच महिन्यात कळवा. मी पत्र वहीत ठेवलंय. मन बुलेटवरच आहे. जंगलात मधोमध ती किरकिरी लाल गाडी बंद पडली तर, हाच विचार सारखा येतो. बुलेटवर असलो की मी वेगळाच माणूस असतो. भीती मागे राहते, धुरात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

हात धुतले तरी वास जात नाही. नीट क्रमाने लिहितो.

गाव रिकामं होतं. मी बुधरीच्या घरामागे गेलो, म्हटलं शेतात तरी दिसेल. मागून जी वाट बांबूच्या रानात जाते तिच्यावर रक्त होतं. आधी थेंब, मग पायाचा ठसा, डाव्या पायाचा, प्रत्येक पावलाला पूर्ण उमटलेला. मला वाटलं जनावराने नेलं. पळून यावंसं वाटलं, खोटं कशाला लिहू. गाडीपर्यंत परत आलोही होतो. पण मग पावलं आठवली. जनावर ओढून नेतं तेव्हा पावलं उमटत नाहीत. ती चालत गेली होती. पळत.

परत गेलो. त्या रानात गेल्या साली तोड झाली आहे, बांबूचे तिरपे कापलेले खुंट सगळीकडे, सुरीसारखे. अर्धा किलोमीटर आत एका दरडीखाली ती बसली होती. शेजारी झिंगू, गावचा देवधर्म पाहणारा म्हातारा गायता, आणि दहाबारा बाया. खुंटाने तिचा तळवा चिरला होता, टाचेपासून बोटांपर्यंत मांस उघडं पडलं होतं. तिला माहीतच नव्हतं. पायाला कळत नाही तर सांगणार कोण? तशीच पळत राहिली. मी तिच्या पायाशी बसलो तेव्हा तिने वाकून पाहिलं आणि तेव्हा ती ओरडली.

मला बघून झिंगू उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तू सायकलवाला डाक्टर. तो आवाज तुह्या गाडीचा?"

मी हो म्हटलं.

"ते गाडी वामनरावची."

"होती. आता माझ्याकडे आहे."

त्याने बायांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्यातली एक उठून चालती झाली.

मी पट्टी बांधली, कॅप्सूल दिली आणि म्हटलं, गाडीवर बसवा, तासाभरात दवाखान्यात नेतो. बुधरीने दोन्ही हातांनी झिंगूचा दंड धरला आणि मान हलवत राहिली. समजावलं, रागावलो, काही उपयोग नाही. शेवटी चार जणांनी तिला खाटेवर घालून एकोणीस किलोमीटर खांद्यावरून आणलं. अंधार पडल्यावर पोचले. तेवढ्यात किती रक्त गेलं! ह्या लोकांची गाडीबद्दलची अंधश्रद्धा कधी जाणार?

२८ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणतात, पायाची दोन बोटं काढावी लागली, पाय राहील. मात्र तीन महिने जमिनीवर टेकवायचा नाही, आणि पुन्हा अशी जखम झाली तर घोट्यापासून कापावा लागेल. बुधरी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी विचारलं, कशाला पळत होतीस? नर्सबाई माझ्याकडे पाहत राहिली.

५ डिसेंबर

वामनरावांना कागद तयार करायला सांगितलं. ठरलं. दहा तारखेची फेरी झाली की सही करायची. बुधरीला परवा गावाकडे नेलं, पुन्हा खाटेवरूनच. आता ड्रेसिंगसाठी मलाच वरचेवर जावं लागणार आणि ती वाट वरचेवर पार करायची तर बुलेटशिवाय मी करू शकत नाही. ह्यात बुधरीचंच भलं आहे.

१० डिसेंबर, बुधवार

सही केली नाही.

आजही गाव रिकामं होतं. धूर, कुत्री, उघडी दारं. पण बुधरी होती. पळता येत नाही म्हणून होती. अंगणात खाटेवर, बांधलेला पाय पुढे टाकलेला. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. दोन्ही हात मांडीवर, मुठी आवळलेल्या, वाकलेल्या बोटांचीही मूठ. सगळं अंग थरथरत होतं. मी नाव घेतलं तरी डोळे उघडले नाहीत. माझी पावलं जवळ आली तशी ती श्वास घ्यायची थांबली.

ती थरथर मी ओळखतो. नऊ ऑगस्टला सायकलमागे मी अर्धा तास तसाच उभा होतो, डोळे तसेच मिटलेले. आज तिच्यासमोर वाघाच्या जागी मी होतो.

मी खाली जमिनीवर बसलो, म्हटलं, "बुधरी, मी हाओ वो. सायकलवाला." हळूहळू झिंगू घरामागून आला. मी त्याला विचारलं. इतके दिवस विचारलंच नव्हतं.

"वामनराव याचा," तो म्हणाला. "कोंबडी ठेवली का कधी निघून जाचा. कधी राह्याचा. राह्यला का मंग..." त्याने खाटेवरच्या बुधरीकडे पाहिलं. "आवाज आला का बाया पहिले पयतात. मंग पोट्टे. मंग आमी. बुधरीची मोठी बहीण नाई पयली एकदा."

मी म्हटलं, पण तुला तर कळलं होतं ना, आता गाडीवर मी असतो म्हणून? सगळ्यांना सांगितलं होतंस ना?

"सांगतलं. पन आवाजात मानूस दिसत नाई, डाक्टर. पाय आयकत नाई. अन तू बी कोंबडी नेली."

मी बुधरीची पट्टी बदलली आणि उठलो.

गाडी सुरू केली नाही. न्यूट्रलमध्ये टाकून ढकलत निघालो. नाला ओलांडून चढ लागेपर्यंत दोन किलोमीटर ढकलली. वाटेत पाचोळा वाजत होता, मी रडत होतो. दादाजींचे वडील बांधीत उतरून उभे असलेले सारखे दिसत होते. आमच्या घरात ही गोष्ट शंभरदा सांगून झाली, आणि मी घोडा विकत घ्यायला निघालो होतो.

११ डिसेंबर

लाल गाडीसाठी शोरूमला पत्र टाकलं. मुदत उलटली आहे, तरी विनंती केली. रांगेत आता मार्चपर्यंत. अग्रिमासाठी साहेबांकडे नोंदणीची पावती चालेल असं कळलं. तोवर सायकल. बुलेट वामनरावांच्या अंगणात उभी करून आलो. का नको, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जड पडते. खरं बोलायची हिंमत झाली नाही. मी आधीच लिहिलंय, मी भित्रा माणूस आहे.

रंभाला सगळं सांगितलं. दोन कोंबड्या आपण खाल्ल्या, एवढंच ती म्हणाली, आणि जेवली नाही.

१८ डिसेंबर

बाजारात वामनराव भेटले, खुशीत होते. बुलेट दुसऱ्याच दिवशी गेली म्हणे. बांबू डेपोवरच्या नव्या मुकादमाने नेली, तरणा पोरगा आहे, शौकीन. "ह्या साली तोड वेडमगट्ट्याकडंच हाये. गाडीले रस्ता पाठ हाये, त्याले काई तरास नाई." मी नमस्कार करून निघालो. भाजीची पिशवी तिथेच विसरून आलो.

२४ डिसेंबर, बुधवार

महिन्याची फेरी, सायकलने. पहाटे निघालो. भीती वाटली, पूर्ण वाटभर वाटली. दोनदा उतरून उभा राहिलो, एकदा परत फिरलो आणि पुन्हा वळलो. घंटी वाजवत गेलो, हात इतका थरथरत होता की ती आपोआपच वाजत होती.

गावात सगळे होते. टोपल्या विणणाऱ्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. कुत्री भुंकली. एक बाई मला घामाघूम बघून हसली, दुसरीने तिला कोपर मारलं. झाडाला कोंबडी नव्हती.

बुधरी खाटेवर, डोळे उघडे. पाय सोडून पाहिला, जखम चांगली भरते आहे. बोटांची ताकद गेल्या महिन्याएवढीच, कमी नाही. मी कॅप्सूल दिली, तिने पाण्यासोबत गिळली आणि नेहमीसारखी जीभ बाहेर काढून दाखवली. जून महिन्यात ती अशीच दाखवायची आणि हसायची. आज हसली नाही, पण दाखवली.

मग तिने कुडाला टेकवलेल्या सायकलकडे पाहून झिंगूला काहीतरी विचारलं.

"गाडी कुठी हाये म्हनते," झिंगू म्हणाला.

"परत देल्ली म्हणून सांग."

त्याने सांगितलं. तिने मान डोलावली. तिच्या आवळलेल्या मुठी सुटल्या, तेव्हा मला कळलं की त्या आवळलेल्या होत्या. बाजूच्या बाया आपसात बोलायला लागल्या, कोणीतरी मोठ्याने हसलं. मग बुधरीने आणखी काहीतरी विचारलं आणि सगळ्या गप्प झाल्या.

झिंगू माझ्याकडे पाहून म्हणाला, "कोनाले देल्ली म्हनते."

मी तिचं औषधाचं कार्ड काढलं आणि त्यावर आजची तारीख टाकायला लागलो. तिने पुन्हा विचारलं.